बाद मत : मुंबई उपनगरांतील मतदानसाधनांच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

निवडणुकांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक सामान्यतः मोजल्या गेलेल्या मतांचा इतिहास लिहितात. निकालपत्रकाच्या तळाशी 'बाद मते' म्हणून जो आकडा येतो, त्याकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. आणि गेले तरी 'अज्ञानाचे प्रमाण' ह्या सदरात तो टाकून देऊन पुढे जाण्याचा प्रघात आहे. मतदानाचे प्रत्येक नवे साधन आपल्याबरोबर बाद मताचा एक नवा प्रकारही घेऊन येते, आणि मतदार व राज्यसंस्था ह्यांच्यात त्या त्या काळी कोणता करार होता हे ह्या प्रकारावरून जितके स्पष्ट कळते तितके विजयी उमेदवाराच्या मताधिक्यावरून कळत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ह्या दृष्टीने मुंबईच्या उपनगरांचा विचार विशेष फलदायी ठरावा. विक्रोळी, पवई, अंधेरी व गोरेगाव ही स्थळे ह्या इतिहासात केवळ मतदानाची केंद्रे म्हणून येत नाहीत; साधनाची घडण आणि त्याची कसोटी ह्या दोन्ही गोष्टी येथे घडल्या आहेत.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'मत' हा शब्द संस्कृत 'मन्' धातूपासून आलेला. जे मानले गेले, विचारात धरले गेले ते मत. 'बाद' हा अरबी शब्द फारसीच्या मार्गाने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ 'नंतर' असा असून जमाखर्चाच्या परिभाषेत तो 'वजा' ह्या अर्थी रूढ झाला. तेव्हा बाद मत म्हणजे जे मनात होते, ज्यासाठी माणूस रांगेत उभा राहिला, परंतु हिशेबातून जे वजा केले गेले, ते. इंग्रजीत ह्यासाठी जो शब्द वापरतात त्याचा रोख मताच्या अवैधतेवर आहे. मराठी शब्दाचा रोख मोजणाऱ्याच्या कृतीवर आहे. हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नव्हते, निशाणीही नव्हती. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी असे. पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली असे, आणि बाहेरचा कागद निघून गेल्यास घोटाळा होऊ नये म्हणून आतही चिकटवलेली असे. मतदाराने पडद्याआड जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकावयाचा, इतकेच. म्हणजे मतपत्रिका मुकी होती. अर्थ होता तो पेटीला. सतरा कोटींहून अधिक मतदारांपैकी बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती, आणि लेखणी किंवा शिक्का हाती न देता त्यांच्याकडून मत घेण्याचा हा मार्ग मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांच्या कारकीर्दीत स्वीकारला गेला.

साहजिकच पेट्यांची संख्या प्रचंड झाली. देशभरात सुमारे पावणेपंचवीस लाख पोलादी पेट्या लागल्या. शिवाय एक लाखाहून अधिक लाकडी. ह्यांपैकी सुमारे १२ लाख ८३ हजार पेट्या गोदरेज कंपनीने आपल्या विक्रोळीच्या नव्या कारखान्यात १९५१ साली काही महिन्यांच्या अवधीत तयार केल्या. काम ऐन भरात असताना दिवसाला पंधरा हजारांहून अधिक पेट्या बाहेर पडत. पेटीची किंमत पाच रुपये ठरली होती. बाहेरून कुलूप लावावयाचे तर ह्या किमतीत ते बसेना. तेव्हा नाथालाल पांचाळ नावाच्या कारखान्यातील कारागिराने पेटीच्या आतच बसणारी कळ सुचवली आणि अडचण दूर झाली, असे कंपनीच्या संग्रहातील नोंदी सांगतात. भारतीय लोकशाहीच्या इतिहासात घटनासमितीतील भाषणांना जे स्थान आहे ते ह्या कळीला कोणी देणार नाही. परंतु झाकण एकदा बसले की मोजणीपर्यंत उघडावयाचे नाही, ही हमी मतदाराला भाषणांनी दिली नव्हती, त्या कळीने दिली होती. आज घाटकोपर व मुलुंड ह्यांच्या दरम्यान आगगाडीतून जाणाऱ्या विद्यार्थ्याला डाव्या-उजव्या हातास जो औद्योगिक परिसर दिसतो, त्याचा आरंभकाल ह्या पेट्यांशी निगडित आहे.

तथापि पेटीला अर्थ आणि पत्रिका मुकी, ह्या व्यवस्थेत एक दोष अनुस्यूत होता. तो उघड झाला तो द्विसदस्य मतदारसंघांत. मुंबई उपनगर मतदारसंघातून त्या वेळी जयश्री रायजी लोकसभेवर निवडून गेल्या, तेथे ही अडचण नव्हती. शहराच्या उत्तर भागातील मतदारसंघ मात्र दोन जागांचा होता. एक सर्वसाधारण, दुसरी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन पत्रिका मिळत. कायद्याचा दंडक असा की एका उमेदवाराला एकच मत देता येईल. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत पडल्यास त्यांतील एकच धरावयाची, दुसरी बाद. जानेवारी १९५२ मधील ह्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांना १,२३,५७६ मते पडली, आणि नारायण सदोबा काजरोळकर ह्यांना १,३८,१३७. अंतर १४,५६१ मतांचे. डॉ. आंबेडकर व अशोक मेहता ह्यांनी निवडणूक अर्ज दाखल केला, तेव्हा बाद ठरलेल्या पत्रिकांचा आकडा पुढे आला : ७४,३३३. अंतराच्या पाच पटींहून अधिक.

अर्जदारांचा आरोप असा होता की दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकून एक मत कुजवण्याचा प्रचार प्रतिस्पर्धी कम्युनिस्ट पक्षाकडून झाला. कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे हे प्रतिवादींत होते. अर्जामुळे निकाल बदलला नाही. राजकीय बाजू येथे बाजूला ठेवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की ह्या ७४,३३३ पत्रिकांत अज्ञानातून झालेली चूक किती आणि बुद्ध्या केलेली कृती किती, हे ठरवण्याचे कोणतेही साधन उरले नव्हते. मुक्या कागदावर हेतूची खूण नसते. ज्याने संविधानाच्या मसुदा-समितीचे अध्यक्षपद भूषवले, त्याच्याच पहिल्या लोकसभा निवडणुकीत मतदारांचा हेतू अशा प्रकारे वाचता येऊ नये, हा योग इतिहासकाराने नुसता नोंदवून पुढे जाण्यासारखा नाही. द्विसदस्य मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने रद्द झाले.

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पेट्यांची पद्धत बहुतेक सर्वत्र मागे पडून पत्रिकेवर खूण करण्याची पद्धत आली. आता कागद बोलू लागला. सर्व उमेदवारांची नावे व निशाण्या त्यावर आल्या, आणि मतदाराच्या हाती शिक्का आला. १९६१ च्या निवडणूक नियमांत पत्रिका कोणत्या कारणांसाठी बाद करावी ह्याची यादीच दिली आहे : खूण नाही, खुणा अनेक आहेत, खूण दिलेल्या साधनाने केलेली नाही, मतदाराची ओळख पटेल असे काही लिहिले आहे, इत्यादी. ह्या यादीत एक सवलतही आहे. खूण पुसट असली, किंवा एकाहून अधिक ठिकाणी उमटली, तरी मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर केवळ तेवढ्यासाठी पत्रिका बाद करू नये. म्हणजे मोजणारा हा आता वाचक झाला. शिक्क्याची बाणाग्रे असलेली फुलीही ह्याच वाचनासाठी योजलेली : घडी घातल्यावर ओली शाई समोरच्या नावावर उमटली तर तिचे प्रतिबिंब उलटे पडते, आणि मूळ खूण कोणती हे ओळखता येते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने ह्या फुलीकडे अवश्य पाहावे. चिन्ह आणि चिन्हाचा डाग ह्यांत भेद करणारे इतके साधे चिन्ह क्वचितच आढळेल.

यंत्राने ही वाचनाची जबाबदारीच काढून घेतली. १९ मे १९८२ रोजी केरळातील परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर त्याचा प्रयोग झाला. कायद्यात तरतूद नसल्याच्या कारणावरून १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील मतदान रद्द ठरवले. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-अ हे कलम घालण्यात आले, ते १५ मार्च १९८९ पासून अमलात आले. यंत्राचे बाह्य रूप, म्हणजे मतदाराच्या बोटाला व डोळ्याला जे भेटते ते, पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील ए. जी. राव व रवी पूवैया ह्यांनी घडवले. विक्रोळीची पेटी आणि पवईचा हा आराखडा ह्यांत अंतर काही किलोमीटरांचे. काळ सुमारे चार दशकांचा. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रे आली.

यंत्रात बाद मत संभवतच नाही. एकदा कळ दाबली की दुसरी लागत नाही; पुसट दाबणे, दोनदा दाबणे, उलटे उमटणे हे प्रकार संपले. अंधेरीच्या एका शाळेत मतदान अधिकारी म्हणून काम करीत असता एका वृद्ध बाईंनी 'शिक्का कुठं आहे, मास्तर?' असे विचारल्याचे आठवते. कळ दाखविल्यावर त्यांनी ती दाबली, आवाज झाला, आणि त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. 'उमटलं का?' हा त्यांचा दुसरा प्रश्न होता. त्याला त्या वेळी 'हो' म्हणण्यापलीकडे उत्तर नव्हते, आणि ते 'हो' कशाच्या आधारावर म्हटले हे मला आजही नीटसे सांगता येत नाही. पुढे ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यंत्राला कागदी पडताळणीची जोड टप्प्याटप्प्याने देण्याचा आदेश दिला. काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी हे बाईंच्या प्रश्नाचे उत्तर होय. पूर्ण नव्हे, कारण ती चिठ्ठी नंतर सर्वत्र मोजली जात नाही, ठरावीक केंद्रांपुरतीच मोजली जाते.

बाद मत नाहीसे झाले खरे. पण ते देण्याची इच्छा नाहीशी झाली नाही. कागदाच्या काळात कोरी पत्रिका टाकून नकार देता येई, आणि तो गुप्त राही. यंत्राच्या काळात नकार द्यावयाचा तर अधिकाऱ्याकडील नोंदवहीत तसे लिहून सही करावी लागे. गुप्तता तेथेच संपे. २७ सप्टेंबर २०१३ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने ही विसंगती दूर केली आणि यंत्रावर 'नोटा'ची कळ आली. एके काळचे बाद मत आता नाव घेऊन, क्रमांक घेऊन उमेदवारांच्या रांगेत शेवटी उभे राहिले. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण अंधेरी पूर्व हेच आहे. ३ नोव्हेंबर २०२२ च्या पोटनिवडणुकीत भारतीय जनता पक्षाने आपला उमेदवार मागे घेतला. 'मशाल' ह्या नव्या निशाणीवर उभ्या असलेल्या ऋतुजा लटके ह्यांना ६६,५३० मते मिळाली, आणि दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता. १२,८०६ मतांसह 'नोटा' होती. ह्या मतांचा अर्थ कोणी निषेध असा लावला, कोणी पक्षीय नाराजी असा. पण १९५२ च्या ७४,३३३ पत्रिकांविषयी जे म्हणता आले नव्हते ते येथे निश्चित म्हणता येते : ही चूक नव्हती. निकालावर मात्र ह्या मतांचा परिणाम काही नाही. मोजले जाते, पण धरले जात नाही, असे हे मत. जमाखर्चाच्या जुन्या अर्थाने ते आजही 'बाद'च आहे.

आणि कागद? तो गेला असे समजणाऱ्यांना ४ जून २०२४ ची गोरेगाव येथील मतमोजणी अभ्यासावी लागेल. मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात यंत्रांतील मतांची बेरीज झाली तेव्हा अमोल कीर्तिकर ह्यांची मते ४,५१,०९५ होती, रवींद्र वायकर ह्यांची ४,५१,०९४. यंत्रांच्या हिशेबाने कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मतपत्रिकांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मते पडली. ४,५२,६४४ विरुद्ध ४,५२,५९६. वायकर ४८ मतांनी विजयी. साडेचार लाखांच्या मोजणीत निर्णय झाला तो लिफाफ्यातून आलेल्या, हाताने खूण केलेल्या, हाताने उघडलेल्या कागदावर.

मोजणी-केंद्रातील एका भ्रमणध्वनीवरून यंत्र उघडता येते असे वृत्त नंतर काही दिवस गाजले. निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशी ह्यांनी यंत्रास अशी कोणतीही जोडणी नसल्याचे जाहीर केले, आणि संबंधित वृत्तपत्राने चूक मान्य केली. ह्या गदारोळात जी गोष्ट मागे पडली ती अशी की बाद ठरलेल्या टपाली पत्रिका १११ होत्या, विजयाच्या अंतराच्या दुपटीहून अधिक. बाद टपाली पत्रिकांची संख्या मताधिक्याहून जास्त असल्यास त्या सर्वांची पुन्हा तपासणी करावी, असा आयोगाचा निर्देश आहे. त्यानुसार ती झाली. १९५२ साली निवडणूक अर्जाशिवाय ज्याकडे कोणी वळूनही पाहिले नसते, ते काम आता निकाल जाहीर होण्याआधीच करावे लागते.

कीर्तिकर ह्यांच्या अर्जात आणखी एका जातीच्या मतांचा प्रश्न होता. केंद्रावर गेल्यावर आपल्या नावाने कोणी आधीच मत देऊन गेले आहे असे आढळले, तर खऱ्या मतदाराला कागदी पत्रिका देतात. त्याने खूण केल्यावर ती वेगळ्या लखोट्यात बंद होते आणि सामान्य मोजणीत उघडली जात नाही. तोतयाने दिलेले मत यंत्रात मोजले जाते. खऱ्याचे लखोट्यात राहते. मुंबई उच्च न्यायालयाने हा अर्ज १९ डिसेंबर २०२४ रोजी फेटाळला.