दीक्षेनं काय बदललं, ते मायमाऊल्यांना विचारू

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला प.पू. डॉ. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. पुढं १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २७ लाखांवर बौद्ध नोंदले गेले. आकडा मोठाच आहे. पण घरातले देव केव्हा निघाले, मेलेलं ढोर ओढणं कोणी कसं सोडलं, हे काही जनगणनेचा माणूस विचारत नाही.

ते विचारलं उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी. चळवळीतल्या बायांना गाठून, त्यांच्याच तोंडून ऐकून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक निघालं.

अशा आठवणी ऐकताना एक भान मात्र ठेवावं लागते. सगळाच बदल एका दिवसाच्या नावावर मांडता येत नाही. दीक्षेच्या चौदा वर्षं आधी, २० जुलै १९४२ ला, नागपूरच्या महिला परिषदेच्या अध्यक्ष आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. बायांनी तिथं घटस्फोटाचा हक्क मागितला! म्हणजे जमीन आधीच नांगरलेली होती, बाप्पा.

शिवाय जे बदलले तेच हौसेनं बोलतात. गप्प बसणाऱ्यांनाही विचारलं पाहिजे.

आपलं मूर्तिजापूर नागपूरच्या रेल्वेलाईनवरच. १९५६ साली पंधरा वर्षांची असलेली पोरगी आज ऐंशीच्या पुढं आहे. तिच्याजवळ बसून आम्हाला विचारायचं आहे: पोरी शाळेत केव्हा गेल्या, उपास कोणी सोडला, आणि हुंडा अजून का सुटत नाही?