संगणकाचे शिक्षण आणि मराठवाड्याचा भाषिक वारसा

सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलेला विद्यार्थी सॉफ्टवेअरचा व्यवसाय करावयाचा या हेतूने संगणकशास्त्राच्या पदवीवर्गात जातो, तेव्हा त्यास दोन विषय एकदम शिकावे लागतात. एक संगणकशास्त्र, आणि दुसरा त्या शास्त्राची इंग्रजी. पहिल्यासाठी अध्यापक असतो. दुसऱ्यासाठी बहुधा कोणीच नसतो. त्यातून उद्भवणारे अपयश विद्यार्थ्याच्या बुद्धीच्या खाती जमा करण्याची प्रथा आहे. वस्तुतः या अडचणीस इतिहास आहे, आणि तो संगणकाहून जुना आहे.

१९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला. वर्ग भरण्यापूर्वीच, १९१७ मध्ये, भाषांतरखाते उघडण्यात आले आणि शास्त्रीय ग्रंथ व परिभाषा तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. देशी भाषेतून आधुनिक शास्त्रे शिकविता येतात, हे या प्रयोगाने दाखवून दिले. परंतु मराठवाड्यातील बहुसंख्यांची भाषा मराठी होती. येथील मुलास उच्च शिक्षणाकरिता मातृभाषेचा उंबरठा ओलांडावाच लागे. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले, तरी शास्त्रशाखांत इंग्रजीचेच प्राबल्य राहिले. उंबरठा तोच राहिला. पलीकडची भाषा तेवढी बदलली.

याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वदेशी संगणक उभा राहत होता. १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. मराठीचा संगणकाशी व्यापक संबंध येण्यास मात्र आणखी काही दशके जावी लागली. १९८८ मध्ये पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र स्थापन झाले व भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कार्यास तेथे बळ मिळाले. १९९१ मध्ये या लिप्यांच्या संकेतप्रणालीचे राष्ट्रीय मानक ठरले. पुढे २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या अभ्यासक्रमाने संगणकसाक्षरता मराठीतून तालुक्यातालुक्यांत नेली. हे कार्य मोठेच होय. तथापि त्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे: मराठी ही संगणक वापरणाऱ्याची भाषा झाली, संगणकास आज्ञा रचून देणाऱ्याची झाली नाही.

यावर असा आक्षेप येईल की, आज्ञावलीची भाषाच इंग्रजी असता मराठीस तेथे वाव कोठला? हा आक्षेप टिकत नाही. ‘सी’ या आज्ञाभाषेच्या १९८९ च्या मानकात राखीव शब्द अवघे ३२ आहेत. ‘इफ’ आणि ‘एल्स’ पाठ करण्यास दिवसही लागत नाही, आणि त्यांमागील ‘जर–तर–नाहीतर’ ही रचना मराठी मुलास घरीच अवगत झालेली असते. तो अडखळतो तो या ३२ शब्दांपाशी नव्हे, तर त्यांभोवतीच्या गद्यापाशी: व्याख्येपाशी, उदाहरणाच्या विवरणापाशी, चूक दाखविणाऱ्या संदेशापाशी. उणीव आहे ती शब्दांची नव्हे, विवेचक गद्याची.

२०२१-२२ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण भारतीय भाषांतून देण्यास अनुमती मिळाली व पिंपरी चिंचवड येथे संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग निघाला. या उपक्रमाने उस्मानियाचे दोन्ही धडे गिरविले पाहिजेत. ग्रंथ वर्गाच्या आधी सिद्ध व्हावेत, हा पहिला. दुसरा असा की, माध्यम ठरविताना विद्यार्थी कोणत्या भाषेत विचार करतो हे प्रथम पाहावे. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात इंग्रजी लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच ती गृहीत न धरता शिकविली पाहिजे. संकल्पना मराठीतून समजावी आणि शास्त्रीय इंग्रजीचे वाचन हा स्वतंत्र पाठ असावा. असे झाले तर सिल्लोडच्या विद्यार्थ्याची परीक्षा त्याने निवडलेल्या शास्त्रात होईल; आज ती पुष्कळदा त्याने न निवडलेल्या विषयात होत आहे.