मान-पाठ धरली तर : घरी काय करावे, दवाखाना कधी गाठावा

बेळगाव : खानापूर भागातली रोप लावण असो, वडगाव-शहापुरातला माग असो की उद्यमबागेतल्या कारखान्यातलं दिवसभर उभं काम, मान आणि कंबर धरल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. दुखणं जोराचं असलं की माणूस घाबरतो आणि जो जे सांगेल ते करून बघतो. त्यातच पैसाही जातो आणि वेळही. म्हणून ही माहिती.

दुखते कशामुळे?

मानेत 7, पाठीत 12 आणि कंबरेत 5 मणके असतात. मणक्यांमध्ये गादी असते आणि बाजूने नसा बाहेर पडतात. बहुतेक वेळा दुखणे स्नायू आणि सांध्यांच्या ताणाचे असते. त्यालाच आपण उसण भरली म्हणतो. गादी सरकून नस दबली तर मानेतली कळ हातात उतरते, कंबरेतली पोटरीपर्यंत जाते आणि मुंग्या येतात. पायात उतरणाऱ्या या कळेला सायटिका म्हणतात. दुखणे जोराचे म्हणजे बिघाड मोठाच, असे मात्र नाही.

पहिले काही दिवस

अंथरुणाला खिळून राहू नका. एक-दोन दिवस आराम पुरे, नंतर घरातल्या घरात थोडे थोडे चालावे. गरम पाण्याच्या पिशवीने 15-20 मिनिटे शेकावे, मधे कापड ठेवावे. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी घ्यावी. उठताना आधी कुशीवर वळावे, मग हाताच्या आधाराने बसावे. वजन उचलताना गुडघ्यात वाकावे आणि पोते अंगाजवळ धरावे. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. नस दबलेली असली तर जास्त वेळ लागतो, पण तीही बहुधा ऑपरेशनशिवाय बरी होते. कळ कमी झाली की फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत आणि बरे वाटले तरी चालू ठेवावेत.

हे टाळा

सलूनमध्ये मालिशनंतर मान कडकन मोडून घेण्याची सवय धोक्याची आहे. मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा होऊ शकतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. जठर आणि किडनीला त्रास होतो. बीपी, अल्सर किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. नाव नसलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. पट्टा आणि कॉलर महिनोन्‌महिने वापरल्यास स्नायू ढिले पडतात.

एमआरआयची घाईही नको. चाळिशीनंतर काहीच न दुखणाऱ्यांच्या फिल्ममध्येही गादी झिजलेली दिसते. या वार्ताहराच्या रिपोर्टमध्येही दोन गाद्या सरकल्याचे लिहून आले होते. ऑपरेशन केले नाही, व्यायामाने निभावले. मात्र प्रत्येकाचे तसेच होईल असे नाही, निर्णय तपासणीनंतरच घ्यावा.

थांबू नका, लगेच जा

- लघवी अडकणे किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, बैठकीची जागा बधिर होणे : त्याच दिवशी मोठे हॉस्पिटल
- हाता-पायातली ताकद जाणे, चालताना तोल जाणे, शर्टचे बटण लावता न येणे
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतरचे दुखणे
- ताप आणि डोकेदुखीसह मान आखडणे
- छातीत दाब आणि घामासह मान, खांदा किंवा पाठ दुखणे : हे हृदयाचेही असू शकते
- बारीक ताप, वजन घटणे, रात्री वाढणारे दुखणे, पूर्वी झालेला कॅन्सर

मणक्याच्या टीबीत खोकला असेलच असे नाही, हे लक्षात ठेवा. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, राज्य कुठलेही असो.

कुठे दाखवावे?

सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या विभागापासून करावी. बेळगावात बीम्स, गोव्यात बांबोळीचे मेडिकल कॉलेज, इंदूरला एम. वाय., वडोदऱ्यात सयाजी आणि हैदराबादेत उस्मानिया व गांधी ही सरकारी रुग्णालये आहेत. आपली माणसे उपचारासाठी हद्द ओलांडून मिरज-कोल्हापूरलाही जातात. अशा वेळी जुनी फिल्म, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा, म्हणजे तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत. आणि सरकारी योजनेचे कार्ड त्या राज्यात, त्या दवाखान्यात चालते का, हे निघण्याआधीच फोन करून विचारा. दुखऱ्या कंबरेने एसटीचे हेलपाटे नकोत.