उरलेली उत्तेजना आणि पुढील रस

नाट्यगृहात अथवा पडद्यासमोर येणारा प्रेक्षक रिक्त मनाने येत नाही. आधीच्या प्रसंगाचा काही शेष त्याच्यासोबत असतो आणि तो पुढील अनुभवात मिसळतो. या मिसळण्याचा विचार विसाव्या शतकातील माध्यममानसशास्त्राने केला, तसाच तो फार पूर्वी संस्कृत काव्यशास्त्रानेही केला होता. या दोन विचारांत साम्य कोठवर आहे आणि ते कोठे संपते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आधुनिक विचाराचा आरंभ 1962 मध्ये शोधता येतो. स्टॅनले शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांनी मिनेसोटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग त्या वर्षी प्रसिद्ध झाला. जीवनसत्त्वाच्या नावाखाली काही विद्यार्थ्यांना एपिनेफ्रिन टोचण्यात आले. ज्यांना त्याच्या परिणामांची खरी कल्पना दिली नव्हती, ते आपल्या धडधडीचा अर्थ सोबतच्या व्यक्तीच्या आनंदी वा संतप्त वर्तनावरून लावतील, अशी संशोधकांची धारणा होती. शारीरिक उत्तेजनेला स्वतःचा भाव नसतो, तो तिला परिस्थितीच्या आकलनातून मिळतो, असे या उपपत्तीचे सार आहे.

डॉल्फ झिलमन यांनी 1971 मध्ये या विचाराला काळाचे परिमाण दिले. आकलन क्षणात बदलते, शरीर मात्र सावकाश निवते. या अंतरात उरलेली उत्तेजना पुढील भावनेच्या खाती जमा होते. त्यांच्या प्रयोगात आधी डिवचल्या गेलेल्या व्यक्तींना निरनिराळे चित्रपट दाखविण्यात आले. हिंसक चित्रपटापेक्षा अधिक उत्तेजक असा शृंगारिक चित्रपट पाहिलेल्यांनी डिवचणाऱ्याला अधिक तीव्र विद्युत्-धक्के दिले. चित्रपटाचा विषय हिंसा नसूनही त्याच्या उत्तेजनेने क्रोधाला बळ दिले. या उपपत्तीला येथे ‘उत्तेजना-संक्रमण’ म्हटले आहे. ‘उद्दीपन’ हा शब्द जाणूनबुजून टाळला आहे, कारण रसशास्त्रात तो विभावाचा एक प्रकार आहे.

1975 मध्ये जोअन कँटर, झिलमन आणि जेनिंग्ज ब्रायंट यांनी या उपपत्तीची निर्णायक अट दाखविली. व्यायामाच्या सायकलवरून नुकतेच उतरलेल्या व्यक्तींवर शृंगारिक दृश्यांचा परिणाम वाढला नाही, कारण आपण दमलो आहोत हे त्यांना ठाऊक होते. शरीर पूर्ववत झाल्यानंतरही तो वाढला नाही. शरीर उत्तेजित असताना आपण सावरलो आहोत असे वाटण्याच्या मधल्या टप्प्यातच तो वाढला. म्हणजे शेष असणे पुरेसे नाही; त्याच्या उगमाचा विसर पडावा लागतो. पुढे 1979 मध्ये शॅक्टर-सिंगर प्रयोगाच्या पुनर्तपासणीत मूळ निष्कर्षांना अपेक्षित पाठबळ मिळाले नाही. परंतु रायनर रायझेनत्साइन यांच्या 1983 च्या आढाव्यानुसार, दुसऱ्या स्रोतातून आलेली उत्तेजना चुकीच्या कारणाला जोडली गेल्यास भावना तीव्र होते, हा भाग टिकून राहिला.

आता संस्कृत परंपरेकडे वळू. नवव्या शतकात आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त विरोधी रसांच्या सान्निध्याचा प्रश्न उपस्थित केला. एका रसाला लगटून त्याचा विरोधी रस आल्यास आस्वाद बिघडतो. म्हणून मध्ये तिसरा रस योजावा, असा त्यांचा उपाय आहे. हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात जीमूतवाहनाचा शांत आणि मलयवतीविषयीचा शृंगार यांच्या मध्ये अद्भुत येतो, हे त्याचे उदाहरण. वैराग्यातून थेट अनुरागात न नेता कवी प्रेक्षकाला आधी गीतवाद्याच्या विस्मयातून नेतो. पुढे अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त रसाची सात विघ्ने सांगितली. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे त्यांपैकी एक. त्यावर गीत, वाद्य, सुशोभित मंडप यांची योजना त्यांनी सांगितली. घरून आणलेला भाव आधी विरघळला पाहिजे, ही जाण त्यामागे आहे.

‘हे सर्व आपल्याकडे आधीच होते’ असा निष्कर्ष येथे सहज सुचतो, पण तो चुकीचा ठरेल. झिलमन यांच्या मते उरते ती निव्वळ तीव्रता, तिला रंग नसतो. त्यामुळे विरोधी भावही तिच्या बळावर वाढू शकतो. आनंदवर्धनांच्या मते मागील रसाची चव मागे राहते, म्हणूनच विरोधी रस तिच्यावर आदळून भंगतो. एका बाजूला मागील अनुभव पुढीलाला इंधन पुरवितो, दुसऱ्या बाजूला तो त्याला बाधक ठरतो. शिवाय संक्रमण विस्मृतीवर अवलंबून आहे, तर अभिनवगुप्तांचा रस निर्विघ्न, एकाग्र प्रतीतीवर.

मराठीत के. ना. वाटवे यांनी ‘रसविमर्शा’त (1942) रसविचार आणि तत्कालीन मानसशास्त्र यांची सांगड घातली होती. त्या मार्गाने आज पुढे जाताना केवळ समानार्थी संज्ञा जुळवून भागणार नाही. प्रयोगशाळेतील व्यक्ती काही मिनिटांच्या शारीरिक शेषाच्या अधीन असते. सहृदयाच्या मागे मात्र काव्याचा दीर्घ अभ्यास असतो. त्याच्या मनातील शेष निव्वळ तीव्रतेचा असतो की मागील रसाचा रंग घेऊन येतो, हा खरा वादाचा प्रश्न आहे. तो दोन्ही परंपरांच्या उत्तरांतील विरोध न पुसता विचारला, तरच ही तुलना फलदायी ठरेल.