पंखा चालू होता

आमच्या वाशीमच्या घरी 2003मध्ये आलेला कॉम्प्युटर चालता चालता बंद का पडायचा, याचं उत्तर घरात केव्हाच ठरून गेलं होतं: ताई तो फार वेळ वापरते. एमएस-सीआयटीचा सराव ती दुपारी करायची आणि नेमका दुपारीच तो बंद पडायचा. बाबा लाइनला दोष द्यायचे, आई ताईला. शेवटी ताईने त्याच्यासमोर बसणंच सोडलं आणि कॉम्प्युटर माळ्यावर गेला.

या उन्हाळ्यात माळा आवरताना तो हाती लागला. सोबत दुरुस्तीच्या तीन पावत्या, बाबांनी भारनियमनाच्या वेळा लिहून ठेवलेलं 2006चं कॅलेंडर आणि ताईची सरावाची वही. ताईवरचा तो ठपका मला तेव्हाही पटला नव्हता. म्हणून मी हे सगळं इतिहासाची साधनं तपासावीत तसं तपासायला बसलो.

सगळ्यात महत्त्वाचं साधन हार्ड डिस्कमध्ये होतं. विंडोज एक्सपी आपली रोजनिशी एका फाइलीत लिहीत असतं. एरवी ही फाइल 512 केबीपर्यंतच वाढते आणि भरली की आठवड्याहून जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढतात. आमची भरायच्या आतच कॉम्प्युटर माळ्यावर गेला, म्हणून ती पहिल्या नोंदीपासून शाबूत राहिली. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून मी आधी तिची प्रत काढली. मूळ फाइलीला हात लावला नाही.

त्या फाइलीत तीन आकडे वाचता आले की पुरे. 6005 म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला. 6006 म्हणजे रीतसर बंद केला. 6008 म्हणजे मागच्या वेळी तो अचानक बंद पडला होता. ही 6008ची नोंद बंद पडताना होत नाही, पुढच्या वेळी सुरू होताना होते. तिच्यात दिलेली वेळही नेमक्या क्षणाची नसते. यंत्राने शेवटची घड्याळनोंद केली तेव्हाची, म्हणजे किंचित आधीची असते. आणि ती कारणाबद्दल अवाक्षर काढत नाही. बंद कधी पडला ते तिला विचारावं, का पडला ते दुसऱ्या कागदांना.

मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा गुंडीएवढा सेल पुढे संपला आणि तिथून नोंदींच्या तारखा पुन्हा पुन्हा 1 जानेवारीवर येऊ लागल्या. वाशीमच्या माणसाला ही अडचण नवी नाही. 1939मध्ये इथे मिळालेल्या विंध्यशक्ती दुसऱ्याच्या ताम्रपटांवर त्याच्या कारकिर्दीचं 37वं वर्ष कोरलेलं आहे, कुठला शक नाही. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा त्या पत्र्यांनी उजेडात आणली, पण तिचा काळ बाहेरच्या आधारांनीच लावावा लागला. इथे तो आधार पावत्यांनी दिला. पहिली पावती ‘फॉरमॅट’ची, आणि फाइलीतली पहिली नोंद त्याच दिवसाची. त्याआधीचं दप्तर त्या फॉरमॅटमध्ये पुसलं गेलं, ही हळहळ मात्र राहिली. सेल संपल्यानंतरच्या नोंदींचा क्रम त्यांच्या अनुक्रमांकांवरून लागतो. घड्याळ चुकलेलं असलं तरी सुरू झाल्यापासून बंद पडेपर्यंत किती मिनिटं गेली, ते खरंच असतं.

आधी बाबांचं म्हणणं तपासलं. घड्याळ शाबूत असतानाच्या नोंदी कॅलेंडरशेजारी ठेवल्या. भारनियमन सकाळी आणि संध्याकाळी, बहुतेक 6008 दुपारच्या. ताईने वहीच्या समासात कॉम्प्युटर कुठे बंद पडला त्याच्या खुणा केल्या आहेत आणि दोन ठिकाणी लिहिलं आहे की तेव्हा डोक्यावरचा पंखा चालू होता. लाइन निर्दोष ठरायला एवढं पुरेसं आहे.

दुसरी पावती एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा बदलल्याची. त्याच संध्याकाळी पुन्हा 6008. तिसरी पावती फॅन साफ केल्याची, आणि तिच्या आसपासची मिनिटं बोलकी आहेत. साफ करण्याआधी यंत्र थंड असताना सुमारे चाळीस मिनिटं चालायचं, लगेच परत सुरू केलं की बारा, मग पाच. केल्यानंतर पहिली बैठक तासाभराची झाली, पण पुढच्या पुन्हा आखूड. म्हणजे उष्णतेचा हात होता, पण एकटीचा नव्हता. उष्णता ज्याला मारत होती असं काहीतरी आत होतं.

कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या कडेला कपॅसिटरांची रांग, पेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या डब्या. त्यांचा माथा सपाट हवा. त्यावर फुलीसारखी खाच असते, आत दाब वाढला तर तिथून फुटावं म्हणून. तिघांचे माथे भाकरीसारखे फुगले होते आणि एकाच्या खाचेवर तपकिरी खपली धरली होती. प्रोसेसरला मिळणारी वीज सपाट ठेवणं हे त्यांचं काम. ते आतून सुकत जातात तशी वीज हेलकावे खाऊ लागते. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि आमच्या मे महिन्यात बंद खोलीतला तो डबा किती तापत असेल!

2003 हे सालही बोलकं आहे. सदोष कपॅसिटरांमुळे मदरबोर्ड निकामी होत असल्याची बातमी ‘आयईईई स्पेक्ट्रम’ने त्याच वर्षी फेब्रुवारीत छापली होती. अमेरिकेत याच दोषावरून डेल कंपनीवर झालेल्या एका दाव्यातली कागदपत्रं 2010मध्ये खुली झाली. त्यांत मे 2003 ते जुलै 2005 या काळात विकलेल्या सुमारे 1 कोटी 18 लाख कॉम्प्युटरांचा हिशेब आहे. चोरलेल्या रासायनिक सूत्रामुळे हे झालं, अशी कथाही सांगतात. ती सिद्ध झालेली नाही, म्हणून मी ती धरत नाही. आमचा कॉम्प्युटर तर अकोल्याहून सुटे भाग आणून जोडलेला. माझ्यापुढे पुरावा एवढाच: साल तेच, खूण तीच.

मग त्याच मापाचे नवे कपॅसिटर आणून तिन्ही बदलले. सोल्डर करताना अधिक-उण्याची बाजू दोनदा ताडून पाहिली. भर दुपारी, पंखा बंद ठेवून, ताईला फोन स्पीकरवर लावून यंत्र सुरू केलं. पाच मिनिटं गेली, बारा गेली, चाळीस गेली. ताई पलीकडून मिनिटं विचारत राहिली. दोन तासांनी मी स्टार्ट दाबून ते रीतसर बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि रोजनिशी उघडून तिला शेवटच्या बंदची नोंद वाचून दाखवली: 6006.