चौलचे जहाज आणि अकरावीचे फ्रेंच

1777 च्या मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या चौल बंदरात एक फ्रेंच जहाज येऊन लागले. त्यातून उतरलेला सेंट ल्युबिन नावाचा गृहस्थ, आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोत असे सांगत पुण्याला पोहोचला. तेव्हाच्या मराठी कागदपत्रांत या लोकांना ‘फरासीस’ म्हणत. नाना फडणीसांनी त्याचा मान राखला आणि फौज व दारूगोळ्याची बोलणी सुरू झाली. मोबदल्यात फ्रेंचांना चौल मिळते की काय, या शंकेने मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. ल्युबिनच्या आश्वासनांतून प्रत्यक्षात काहीच आले नाही. तो सांगत होता तेवढे अधिकारही त्याच्याकडे नव्हते. 1778 मध्ये त्याने पुणे सोडले, पण नानांना हवा असलेला धाक तोवर बसला होता.

त्याच वर्षाअखेर इंग्रजांची फौज राघोबादादांना घेऊन पुण्यावर निघाली. राघोबांचा पेशवाईवरचा दावा हे त्याचे उघड कारण होते आणि पुणे दरबारातली फ्रेंचांची ये-जा हे मनातले. ही फौज पनवेलला उतरली, आपल्या खालापूर तालुक्यातून खोपोलीला आली आणि बोरघाट चढली. पुढे जानेवारी 1779 मध्ये वडगावला तिला नमते घेऊन तह करावा लागला, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. ज्या खोपोलीवरून ती फौज गेली, तिथले वीरेश्वराचे देऊळ आणि तळे नानांचेच. त्या तळ्याच्या काठावर बसून आपण सहलीचे डबे खाल्ले, तेव्हा यातले काही कुणाला माहीत नव्हते. थोडक्यात, आपल्या भागात फ्रेंच आले नाहीत. त्यांची भीती आली, आणि तीही इंग्रजांच्या डोक्यात बसून.

पुढची दीडशे वर्षे साधारण असेच चालले. फ्रेंच मराठीत येत राहिले, पण इंग्रजीच्या दारातून. हरि नारायण आपट्यांचे ‘मारून मुटकून वैद्यबोवा’ हे प्रहसन मुळात मोलिएरचे. आचार्य अत्र्यांचा ‘कवडीचुंबक’ही मोलिएरच्याच कंजूष म्हाताऱ्यावर बेतलेला. फ्रेंच राज्यक्रांती आपण नववी-दहावीत पाठ केली. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द तर संविधानाच्या उद्देशिकेत रोज म्हटले. मात्र यातला एकही शब्द मूळ भाषेत कसा ऐकू येतो, हे सांगणारे आपल्या आसपास कुणी नव्हते.

ते सांगणारे होते ते दोन शहरांत. मुंबईत 1938 पासून आलियाँस फ्रांसेज होती आणि पुण्यात विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भरत. बोरघाटातून 1863 मध्ये रेल्वे सुरू झाली आणि कर्जत या दोन शहरांच्या बरोबर मधले स्टेशन झाले. दोन्ही शहरे इथून शंभरेक किलोमीटर. घाटाचे इंजिन लागेपर्यंत गाडी इथे थांबते, वडापाव घेते आणि पुढे जाते. ज्ञानाचेही बरेचसे तसेच झाले.

आपल्या शाळेचा यात दोष नाही. 1968 च्या राष्ट्रीय धोरणातल्या त्रिभाषा सूत्राप्रमाणे मराठी माध्यमात मराठी, हिंदी आणि इंग्रजी आल्या. संस्कृतला हिंदीशी निम्मे-निम्मे करून कशीबशी जागा मिळाली. चौथ्या भाषेला तास कुठून आणायचा? शिवाय आपल्या वर्गात ठाकूरवाड्यांतून आणि कातकरवाड्यांतून येणारी मुले होती. पुस्तकातली मराठी हीच त्यांची दुसरी भाषा होती, हे आपल्यापैकी किती जणांच्या तेव्हा लक्षात आले होते?

आमची 1996 ची दहावीची तुकडी. अकरावीला मी लोकलने डोंबिवलीला जाऊ लागले आणि फॉर्म भरताना दुसऱ्या भाषेच्या रकान्यात पहिल्यांदा ‘फ्रेंच’ हा शब्द दिसला. बहुतेक जण ते घेत ते गुणांसाठी. मुळाक्षरांपासून सुरुवात, दोन वर्षांत बारावीची परीक्षा, क्रियापदांचे तक्ते, ठरलेली पत्रे आणि ठरलेले उतारे. पाठांतर पक्के असेल तर गुण हमखास. दोन वर्षांनी त्यातल्या बहुतेकांची फ्रेंच निकालपत्रावरच राहिली. आता तर माहिती तंत्रज्ञान घेऊन दुसरी भाषा टाळताही येते. मी त्याच क्षेत्रात नोकरी करते, तरी हा बदल मला फायद्याचा वाटत नाही.

कारण त्या दोन वर्षांत एक गोष्ट हाती लागली होती: फ्रेंच ही इंग्रजीपेक्षा मराठी मुलांना जवळची आहे. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला टेबल स्त्रीलिंगी का, हे कोडे पडते. आपण मात्र भिंत ‘ती’, दगड ‘तो’ आणि झाड ‘ते’ हे कुणी न शिकवता बोलतो. आपल्याला तीनच्या जागी दोन लिंगे सांभाळायची असतात. तू आणि तुम्ही हा फरक त्यांच्याकडेही आहे. नव्वदला फ्रेंच माणूस ‘कात्र-व्हँ-दीस’ म्हणतो, म्हणजे चार विसा आणि दहा. शहरातली मुले यावर हसत. पण आपल्याकडच्या बाजारात म्हाताऱ्या बायका अंडी आणि आंबे विसांनीच मोजायच्या. फ्रेंचमधले नाकातले स्वरही आपल्याला परके नाहीत. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी ‘घरांत’, ‘केलें’ यांवरचे अनुस्वार गेले. आजीच्या पिढीच्या बोलण्यातून ते तेव्हा गेलेले नव्हते.

इथपर्यंतचा प्रवास बारावीला संपतो. माझ्या मते फ्रेंच शिकण्याचे खरे मोल त्याच्या पुढे, भाषा वाचता येऊ लागली की कळते. इंजिनिअरिंग झाल्यावर मी नोकरी सांभाळून शनिवारी वर्ग केले आणि पुढच्या पातळीच्या परीक्षा दिल्या. तेव्हा समजले की आपल्या मराठी भाषेचा पहिला सविस्तर शास्त्रीय इतिहास फ्रेंचमध्ये लिहिला गेला आहे. ज्यूल ब्लॉक या पंडिताचे ‘ला फॉर्मासिआँ द ला लाँग मारात’ हे पुस्तक पॅरिसमध्ये 1920 च्या सुमारास निघाले. प्राकृतातल्या एकेका ध्वनीचे मराठीत काय झाले, हे त्यात क्रमाने दाखवले आहे. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 1941 मध्ये ते ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणले. त्याचे इंग्रजी भाषांतर 1970 मध्ये आले. एकदा तरी मराठीने इंग्रजीची वाट न पाहता थेट दार उघडले होते!

दुसरे उदाहरण तर घाटमाथ्यावरचेच. गी देल्युरी यांनी तुकोबांचे अभंग 1956 मध्ये फ्रेंचमध्ये नेले. त्यांच्यानंतर पुण्यात स्थायिक होऊन भारतीय नागरिक झालेले गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या मिळवल्या. सुरुवात मुळशी-मावळकडून झाली. हा संग्रह एक लाख ओव्यांच्या पुढे गेला. मावळ म्हणजे आपल्याला घाट चढला की लागणारा मुलूख. आपल्याकडे दिलेल्या तिथल्या लेकी याच चालीवर दळत असणार. एका फ्रेंच माणसाला त्या ओव्या महत्त्वाच्या वाटल्या, तेव्हा आपण ‘चक्कीवर टाकून ये’ म्हणत होतो.

आता कुणी म्हणेल, यंत्र भाषांतर करते, मग शिकायचे कशाला? माझ्या व्यवसायातली एक गोष्ट सांगते. मराठीतून फ्रेंचमध्ये यंत्राने केलेले भाषांतर बरीच वर्षे आतल्या आत इंग्रजीतून जात असे. मराठी ‘तुम्ही’चे इंग्रजीत ‘यू’ व्हायचे, आणि त्या ‘यू’चे फ्रेंचमध्ये तू की तुम्ही, हे यंत्र अंदाजाने ठरवायचे. आजेसासूबाईंना लिहिलेले पत्र वर्गमैत्रिणीला लिहिल्यासारखे व्हायचे. यंत्रे आता सुधारली आहेत. पण दोन्ही भाषांत मान कसा राखतात हे ज्याला माहीत नाही, त्याला चूक झाली हेही कळणार नाही. आपट्यांच्या काळापासूनची ही वळणाची वाट आहे. ती सरळ करायची तर दोन्ही टोकांना माणसे लागतात.

आपल्या माजी विद्यार्थी गटात सध्या शाळेसाठी काय करावे, यावर चर्चा चालू आहे. शनिवारी दुपारी एक फ्रेंच वर्ग असावा, असे मी सुचवले. ‘आधी मुलांचे इंग्रजी तर सुधारू दे,’ असे उत्तर आले, आणि त्यात तथ्य आहे. नोकरी इंग्रजीवर मिळते. मलाही तशीच मिळाली. म्हणून हा वर्ग इंग्रजीच्या तासातून वेळ काढून नको, तर ज्याला हवा त्याच्यासाठी असावा. आठवीपासून तीन वर्षे, परीक्षेची सक्ती नाही. ध्येयही छोटेच: दहावी होईपर्यंत ब्लॉकचे एक पान परांजप्यांच्या मराठीशेजारी ठेवून वाचता यावे, आणि वाडीवरच्या मुलीने आपल्या आजीची एक ओवी स्वतः फ्रेंचमध्ये सांगावी.

वर्गखोली आहे, शनिवारची दुपार मोकळी आहे, आणि कर्जतला दोन्ही बाजूंनी गाड्या आहेत. शिकवणारी माणसे येऊ शकतात. पहिले वर्षभर महिन्यातले दोन शनिवार मी स्वतः यायला तयार आहे. उरलेल्या दोन शनिवारांसाठी कुणाचा हात वर होतो, ते मेळाव्यात पाहू.