पहिला अंक कुठनं धरायचा?

बँकेच्या खिडकीमागे वीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा, नवखं गिऱ्हाईक कसं ओळखायचं. ते आत आल्या आल्या विचारतं, "पहिला फॉर्म कुठला?" बिचाऱ्याचा समज असा, की जगातल्या प्रत्येक कामाला एक पहिला फॉर्म असतो आणि तेवढा भरला की पुढचं आपोआप होतं. सुपरहिरोंच्या चित्रकथा वाचायला निघालेला मनुष्य याच जातीचा. दुकानात जाडजूड खंडांची भिंत उभी असते, पाठीवर नाना आकडे असतात, आणि हा विचारतो, "यातला पहिला कुठला?" दुकानदार हसतो. आम्ही हसत नाही. आम्ही पडलो बी. कॉम., आम्हाला आधी जमाखर्च दिसतो.

हा जमाखर्च बघण्याची वेळ आमच्यावर भाच्यामुळे आली. दहावीची परीक्षा आटोपून चिरंजीव गडमुडशिंगीला आले ते पिग्मी खातं मोडून, साडेतीन हजार रुपये खिशात घालून. (पिग्मी हे नाव ठेवीला १९२८ साली उडुपीला मिळालं. जंगलातल्या वेताळाचा जन्म १९३६चा. तेव्हा त्याचे बांडार पिग्मी सेवाज्येष्ठतेत आमच्या ठेवीच्या खालीच बसतात.)

"मामा, सुपरहिरो वाचायचं म्हणतोय. पिक्चर सगळे बघून झाले. पुस्तक कुठनं धरायचं, सांगा की."

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ऑम्निबस म्हणून जो विटेएवढा खंड मिळतो, त्याची किंमत चार आकडी. असा एक घेतला की पिग्मी संपली. आणि आत शिरल्यावर कोण कोणाचा शत्रू आणि मेलेला परत कसा आला हेच कळेना झालं, तर पैसे जातातच, वर पोरगं पुस्तकाला मुकतं. सोळाव्या वर्षी 'हे आपल्या डोक्यात शिरायचं नाही' असं एकदा वाटलं की ते मोबाइल उघडतं आणि मग आपण हाक मारत बसायचं.

आमच्या शेजारी गांधीनगर. तिथल्या घाऊक कापडबाजाराचा न्याय आमची पंचक्रोशी सगळीकडे लावते. गठ्ठा घ्या, नग स्वस्त पडतो! ऑम्निबसचं गणित हेच आहे, आणि आम्ही पानामागे दर काढून पाहिला, तो खरोखरच कमी पडतो. पण गठ्ठ्यात आपल्या मापाचे सदरे किती, हे गठ्ठा फोडल्यावर समजतं.

बरं, पहिला अंक घ्यावा म्हटलं तर त्या पहिल्या अंकांचा इतिहास काय सांगतो? सुपरमॅन तेवढा सरळमार्गी निघाला. तो १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्याच अंकात हजर झाला. बॅटमन १९३९ साली आला तो 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात. स्पायडरमॅनची तऱ्हा तर औरच. १९६२ साली तो ज्या मासिकात अवतरला त्याचा तो १५वा अंक, आणि शेवटचाही तोच! परदेशी लोकांना शिस्त नाही म्हणावं, तर आपली 'अमर चित्र कथा' घ्या. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या या मालेतलं राम वाईरकरांनी चित्रांकित केलेलं 'कृष्ण' हे पहिलं पुस्तक मानतात, आणि त्यावर क्रमांक ११. आधीचे दहा क्रमांक कन्नडमधल्या परीकथांनी अडवून ठेवलेले. म्हणजे साक्षात भगवंतालाही रांगेत अकरावं टोकन.

क्रमांकांची खरी मौज मात्र सुपरमॅनच्या खात्यावर. २०११ साली त्याच्या प्रकाशकांनी ५२ मासिकं एकदम एक नंबरपासून नव्यानं सुरू केली. 'ॲक्शन कॉमिक्स'चा ९०४वा अंक निघाला आणि पुढचा आला तो पहिला! आमच्याकडे कोणी खतावणी अशी मध्येच फाडली असती तर दुसऱ्या दिवशी ऑडिटर दारात. पण त्यांच्याकडेही कोणी जुना हेडक्लार्क असावा. नवे ५२ अंक झाल्यावर २०१६ साली त्यांनी मुकाट्यानं ९०४ आणि ५२ची बेरीज केली, ९५६ आले, आणि पुढच्या अंकावर छापलं ९५७. मागील पानावरून पुढे! त्याच हिशेबानं २०१८ साली हजारावा अंक निघाला. हा ताळा जुळला त्या रात्री अस्मादिकांना फार शांत झोप लागली. घरच्यांना आनंदाचं कारण समजावून सांगता आलं नाही, ते सोडा.

भाचा मात्र शांत नव्हता. म्हणाला, "मामा, तुम्ही कुठनं धरलासा?"

आम्ही? आम्ही मधूनच धरलं. 'इंद्रजाल कॉमिक्स' टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४मध्ये काढलं आणि १९९० साली बंद केलं. एकंदर ८०३ अंक. बंद पडलं तेव्हा आम्ही चौथी-पाचवीत. ताजा अंक हाती आला असेल तर दोन-चारदा. बाकी सगळं वाचलं ते कोल्हापुरातल्या एका सर्क्युलेटिंग लायब्ररीत, आणि तेही खंडांत. आज संकलित आवृत्ती म्हणून ज्याचं कौतुक चालतं, ती आमच्याकडे बाइंडरनं फार आधी काढली होती. लायब्ररीवाले काका हाताला लागतील ते सहा-सात अंक त्याच्याकडे टाकत. तो ते शिवायचा, कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचा, पुठ्ठा चढवून पाठीला कापड लावायचा आणि कडा यंत्रावर सरळ कापून द्यायचा. त्या कापण्यात कडेच्या फुग्यातले शब्द जायचे. वेताळ पिस्तूल रोखून म्हणायचा, "थांब, नाहीतर मी तुला..." पुढचं यंत्राला ठाऊक. एकाच खंडात आधी वेताळ, मग मँड्रेक, मग चंबळच्या बाजूचा बहादूर, मग पुन्हा वेताळ. क्रमाचा पत्ता नाही. तरी अडलं कधीच नाही.

का अडलं नाही, याचं उत्तर ली फॉक या लेखकाकडे आहे. फँटम, म्हणजे आपला वेताळ, त्यानं १९३६ साली अमेरिकन वृत्तपत्रांत रोजच्या पट्टीच्या रूपात सुरू केला. सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. गंमत अशी की सुरुवातीला हा मुखवटेवाला शहरातला एक श्रीमंत तरुण निघावा असा फॉकचा बेत होता. गोष्ट अर्धी झाल्यावर त्यानं तो बदलला आणि नायकाला जंगलात नेऊन बसवलं. कर्त्यालाच जिथं पहिलं पान पक्कं नव्हतं, तिथं वाचकानं ते का शोधत बसावं? आणि रोजच्या वर्तमानपत्राचा वाचक केव्हाही नवा येणार, म्हणून गोष्टीगोष्टीत चार चित्रांत उजळणी ठरलेली. चारशे वर्षांपूर्वी समुद्रचाचे आले, बाप मारला गेला, मुलानं कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापामागून मुलगा, असा हा एकविसावा. वतनच म्हणा ना! आमच्याकडे पाटीलक्या कायद्यानं गेल्या, पण वेताळाचं वतन शाबूत राहिलं. ते कळायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोराला तळटीप लागली नाही. 'इंद्रजाल'नंही सुरुवात १९३६च्या गोष्टीपासून केलेली नव्हतीच. सुरुवातीच्या अंकांत त्याच्या वाट्याला १६ पानं, गोष्ट मावेना म्हणून चित्रं कापलेली. म्हणजे कात्री बाइंडरच्या आधी संपादकानंच चालवलेली.

आणि ज्या कोणी फँटमला मराठीत वेताळ केलं त्याला आमचा नमस्कार. मूळ इंग्रजीत त्याला चालणारं भूत म्हणतात. आता वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा पाहा. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला भल्या मोठ्या चामडी वहाणा वाहतात. चालणारं भूत यापरतं काय वेगळं असतं? दुसरा वेताळ 'चांदोबा'तला, विक्रमाच्या खांद्यावरचा. शंकर या चित्रकारानं काढलेलं ते प्रेत, तलवार आणि स्मशान अजून डोळ्यांपुढे आहे. मुळात त्या गोष्टी पंचवीस. पण 'चांदोबा'नं पंचविसाचा आकडा केव्हाच मागे टाकला, आणि दर वेळी राजा नव्यानं झाडाकडे निघायचा. कोणत्याही महिन्याचा अंक उचला, तुम्ही सुरुवातीलाच असायचात.

ऑम्निबस या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'सर्वांसाठी' असा. बस हा त्याचा शेपटाकडचा तुकडा. आमच्या गावचा माणूस के. एम. टी.त आपल्या थांब्यावर चढतो. गाडी डेपोतून सकाळी किती वाजता सुटली, याची चौकशी करत नाही. पाटी तेवढी वाचतो.

तेव्हा आम्ही भाच्याला पाटी वाचायला लावली. खंडाच्या शेवटी गोष्ट संपते की पुढच्या खंडावर ढकलली जाते, हे आधी पाहायचं. ढकलली असेल तर तो खंड नव्हे, हप्ता. एकच लेखक, एकच चित्रकार असेल तर उत्तम. अंगानं बारीक असावा. या कसोटीला 'बॅटमन : इयर वन' उतरलं. फ्रँक मिलरचं लेखन, डेव्हिड मॅझुकेलीची चित्रं, १९८७चे चारच अंक, सुरुवात आणि शेवट दोन्ही आत. ते मुळात आलं होतं ४०४ ते ४०७ या अंकांत. ज्याचं नावच 'पहिलं वर्ष', ते चारशे चारपासून! वेताळाच्या वृत्तपत्रातल्या पट्ट्यांचे देखणे खंड अमेरिकेतल्या हर्मिस प्रेसनं २०१०पासून काढले आहेत, पण तो शौक पगार सुरू झाल्यावरचा. महाभारत हवं असेल तर 'अमर चित्र कथा'चे ४२ भाग तीन खंडांत मिळतात. दिलीप कदमांची चित्रं आहेत, आणि शेवट कसा होतो हे घरात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे विचारायला माणसं मिळतात. नागराजही आम्ही सुचवला. १९८६च्या त्या पहिल्या नागराजाला रूप दिलं आपल्या प्रताप मुळिकांनी. हे ऐकून भाच्याची कॉलर आमच्यापेक्षा जास्त ताठ झाली.

राहता राहिली बांधणी. हल्लीचे बरेच खंड शिवत नाहीत, नुसते चिकटवतात. जाड असला की पान पुरतं उघडत नाही आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्रातला नायक मधल्या घळीत गडप होतो. म्हणून मधोमध उघडून बघायचं. पण दुकानात सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. दुकानदार म्हणाला, उघडायचं नाही.

"एक नमुन्याला तरी फोडा की," भाचा म्हणाला. "गांधीनगरात सदऱ्याची घडी मोडून दावत्यात."

दुकानदारानं त्याच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि एक फोडला. बांधणी चिकटवलेलीच होती, पण मधोमध उघडूनही पान हललं नाही. पुस्तक घेतलं. निम्म्याहून अधिक पिग्मी शिल्लक राहिली, ती आम्ही दुसऱ्या दिवशी परत खात्यात भरून घेतली. फॉर्म त्यानंच भरला.